अलायन्स एअर : छोट्या शहरांची सरकारी विमान कंपनी

मुंबई, दिल्ली, बंगळूर या महानगरांतील प्रवाशांना विमान कंपन्यांची नावे पाठ असतात. मात्र अमरावती, जळगाव, सिमला, पासीघाट किंवा लक्षद्वीपमधील अगत्ती येथे उतरणाऱ्या विमानावरील 'अलायन्स एअर' हे नाव अनेकांच्या फारसे परिचयाचे नाही. इंडियन एअरलाइन्स आणि पुढे एअर इंडिया यांची उपकंपनी म्हणून या कंपनीने सुमारे पाव शतक काढले. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. खासगीकरणात मूळ कंपनी विकली गेली आणि तिची सर्वांत छोटी प्रवासी उपकंपनी सरकारच्या पदरी उरली, असा हा काहीसा विलक्षण प्रकार आहे. प्रादेशिक विमान कंपनी म्हणजे काय, ती मोठ्या कंपनीच्या आधाराने कशी चालते आणि तो आधार सुटल्यावर तिच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहतात, हे समजून घेण्यासाठी अलायन्स एअरचा इतिहास उपयुक्त ठरतो.

उपकंपनी कशासाठी?

मोठ्या विमान कंपनीने प्रादेशिक सेवेसाठी वेगळी उपकंपनी काढण्याची प्रथा जगभर आहे. नेदरलँड्समधील केएलएमची 'केएलएम सिटीहॉपर', जर्मनीतील लुफ्तान्साची 'सिटीलाइन', अमेरिकेतील अलास्का एअरलाइन्सची 'होरायझन एअर', ऑस्ट्रेलियातील क्वांटासच्या छत्राखालील 'क्वांटासलिंक' ही त्याची ठळक उदाहरणे. या कंपन्यांची विमाने लहान असतात आणि त्या लहान शहरांतील प्रवासी मूळ कंपनीच्या मोठ्या विमानतळापर्यंत आणून सोडतात. तिकीट बहुधा मूळ कंपनीच्याच नावाने निघते, त्यामुळे प्रवाशाला आपण वेगळ्या कंपनीच्या विमानात बसलो आहोत याची जाणीवही अनेकदा होत नाही.

यामागे प्रामुख्याने खर्चाचा हिशेब असतो. १८० आसनांचे जेट विमान चालविणाऱ्या कंपनीची वेतनश्रेणी, देखभालीची यंत्रणा आणि कार्यालयीन खर्च ७० आसनांच्या विमानाला पेलत नाहीत. वेगळी कंपनी असली की तिची वेतनरचना, भरतीचे नियम आणि विमानांची देखभाल स्वतंत्र ठेवता येते. साहजिकच कर्मचारी संघटनांचा अशा रचनेकडे पाहण्याचा दृष्टिकोन संशयाचा असतो. अमेरिकेत तर प्रादेशिक भागीदार कंपन्यांनी किती आसनांपर्यंतची विमाने चालवावीत, याची मर्यादा मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी करारात घालून घेतली आहे. आपली कामे स्वस्त उपकंपनीकडे वळविली जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू.

वायुदूतचा पूर्वानुभव

भारतात १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशी सेवा एअर इंडियाकडे अशी विभागणी झाली. छोट्या शहरांसाठी स्वतंत्र कंपनीचा पहिला मोठा प्रयोग १९८१ मध्ये झाला. या दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून 'वायुदूत' ही कंपनी स्थापन केली. ईशान्य भारतातील दुर्गम भागांना जोडणे हा तिचा मूळ उद्देश होता. पुढे तिचे जाळे देशाच्या इतर भागांतही पसरले. डॉर्नियर २२८ सारखी छोटी विमाने तिच्या ताफ्यात होती.

तथापि वायुदूतचे अर्थकारण कधीच जुळले नाही. राजकीय आग्रहापोटी सुरू झालेल्या अनेक मार्गांवर पुरेसे प्रवासी नव्हते, तर मिळणारे भाडे खर्चाच्या मानाने तोकडे होते. १९८८ मध्ये गुवाहाटीजवळ तिच्या फोकर विमानाला झालेल्या अपघातात ३४ जणांचा मृत्यू झाला. अखेर १९९३ मध्ये ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. छोट्या शहरांची विमानसेवा केवळ इच्छेवर चालत नाही, तिचा तोटा कोणी आणि किती काळ सोसायचा हे आधीच ठरवावे लागते, हा वायुदूतने दिलेला धडा होता.

१९९६ : जुन्या विमानांची नवी कंपनी

अलायन्स एअरची नोंदणीकृत कंपनी 'एअरलाइन अलाइड सर्व्हिसेस लिमिटेड' ही १९८३ पासून अस्तित्वात होती. प्रत्यक्ष विमानसेवा मात्र १९९६ मध्ये सुरू झाली. हा काळ देशातील विमान वाहतुकीच्या स्थित्यंतराचा होता. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना नियमित सेवेचे दार उघडले. नव्या कंपन्या अधिक वेतन देऊन इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक आणि तंत्रज्ञ आपल्याकडे ओढू लागल्या.

या पार्श्वभूमीवर इंडियन एअरलाइन्सने आपली बोइंग ७३७-२०० ही जुनी विमाने संपूर्ण मालकीच्या उपकंपनीकडे सोपविली. मूळ कंपनीकडे एअरबस ए-३२० विमाने राहिली. म्हणजेच प्रारंभीची अलायन्स एअर ही आजच्या अर्थाने प्रादेशिक कंपनी नव्हतीच. तिची जेट विमाने मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवरही धावत असत. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी वेगळी चूल मांडण्याचा तो प्रयत्न होता.

पाटण्याचा अपघात

अलायन्स एअरच्या इतिहासातील सर्वांत काळा दिवस म्हणजे १७ जुलै २०००. कोलकात्याहून पाटणा आणि लखनौमार्गे दिल्लीला जाणारे सीडी-७४१२ हे विमान पाटणा विमानतळावर उतरण्याच्या प्रयत्नात असताना गर्दनीबाग येथील सरकारी वसाहतीवर कोसळले. विमानातील ५८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले, तर जमिनीवरील पाच जणांचाही बळी गेला.

हे विमान वीस वर्षांचे होते. त्यामुळे जुनी विमाने उपकंपनीच्या गळ्यात मारली जातात काय, असा सवाल संसदेत आणि वृत्तपत्रांतून विचारला गेला. एअर मार्शल फिलिप राजकुमार यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा निष्कर्ष मात्र निराळा होता. विमानात दोष नव्हता. धावपट्टीकडे येताना विमान गरजेपेक्षा अधिक उंचीवर होते, इंजिनांची शक्ती किमान ठेवल्याने वेग घटत गेला आणि विमान आपला तोल राखू शकणार नाही असा इशारा मिळाल्यावर वैमानिकांनी त्यातून सावरण्याची विहित पद्धत न वापरता पुन्हा वर झेप घेण्याची पद्धत अवलंबिली. परिणामी विमानावरील नियंत्रण सुटले, असे चौकशीत म्हटले गेले.

या दुर्घटनेने चर्चेचा रोख विमानाच्या वयाकडून प्रशिक्षणाकडे आणि विमानतळांच्या स्थितीकडे वळविला. प्रादेशिक सेवेत आखूड धावपट्ट्या, सभोवतालची झाडे व इमारती आणि अपुरी उपकरणे यांच्याशी वैमानिकाचा रोज सामना असतो. अशा सेवेत अनुभवी वैमानिक टिकवून ठेवणे मोठ्या कंपनीपेक्षाही अधिक निकडीचे असते. प्रत्यक्षात मात्र छोट्या कंपनीत अनुभव गाठीशी बांधून मोठ्या विमानांकडे जाण्याचीच वैमानिकांची वाट असते.

ईशान्येकडे मोहरा

सरकारने १९९४ मध्ये विमान कंपन्यांसाठी मार्गवाटपाचे नियम लागू केले होते. महानगरांना जोडणाऱ्या फायद्याच्या मार्गांवर जितकी आसनक्षमता वापरली जाईल, तिच्या किमान १० टक्के क्षमता ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप या भागांत वापरण्याचे बंधन त्यात होते. इंडियन एअरलाइन्सला या बंधनाचा भार उपकंपनीकडे वळविता येणे सोयीचे होते.

२००२ नंतर अलायन्स एअरने एटीआर-४२ ही पंख्याची विमाने भाड्याने घेतली आणि ईशान्य परिषदेशी करार करून तेथील छोट्या विमानतळांवर सेवा सुरू केली. होणारा तोटा ठरावीक मर्यादेपर्यंत परिषद भरून देणार, अशी व्यवस्था होती. वायुदूतच्या काळात जो तोटा ताळेबंदात मुकाट्याने साठत गेला, तो आता करारात लिहून मोजला जाऊ लागला. जेटकडून पंख्याच्या विमानांकडे झालेला हा बदल कंपनीच्या पुढील वाटचालीत निर्णायक ठरला.

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले व अलायन्स एअर नव्या संयुक्त कंपनीची उपकंपनी बनली. काही वर्षे ती 'एअर इंडिया रिजनल' या नावाने ओळखली जात होती. सीआरजे-७०० ही छोटी जेट विमानेही याच काळात वापरून पाहण्यात आली. पुढे जुनी बोइंग विमाने आणि ही जेट विमाने दोन्ही बाद झाली. २०१४ च्या अखेरीपासून एटीआर ७२-६०० ही ७० आसनांची नवी विमाने येऊ लागली आणि कंपनीचे आजचे रूप आकाराला आले.

पंख्याचेच विमान का?

जेटच्या जमान्यात पंख्याचे विमान म्हणजे मागासलेपणा, अशी अनेक प्रवाशांची समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. एटीआरमध्येही टर्बाइन इंजिनच असते, फक्त त्याची शक्ती पंखा फिरविण्यासाठी वापरली जाते. फ्रान्स आणि इटलीच्या संयुक्त उद्योगातून बनणाऱ्या या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. जेट त्याहून बरेच वेगवान असते. परंतु तीनशे-चारशे किलोमीटरच्या प्रवासात बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जात असल्याने प्रत्यक्ष फरक काही मिनिटांचाच पडतो. त्या बदल्यात इंधन बरेच कमी लागते.

दुसरा लाभ धावपट्टीचा. ए-३२० किंवा बोइंग ७३७ ला साधारणतः दोन किलोमीटर वा अधिक लांबीची धावपट्टी लागते. एटीआर ७२ त्याहून बऱ्याच आखूड धावपट्टीवर उतरू शकते. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी विस्तारानंतर १,८५० मीटर झाली आहे. कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी १,३७० मीटर होती, ती नंतर १,९३० मीटर करण्यात आली. अशा ठिकाणी पंख्याच्या विमानाला पर्याय जवळपास नसतोच. सिमल्याजवळच्या जुब्बडहट्टी येथे तर डोंगरमाथा कापून केलेली धावपट्टी इतकी आखूड आहे की, एटीआर-४२ लाही काही आसने रिकामी ठेवावी लागतात.

सरकारी करनीतीही अशा विमानांना अनुकूल आहे. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना विमानतळावर उतरण्याच्या शुल्कातून सूट मिळत आली आहे, तसेच छोट्या विमानांच्या इंधनावरील विक्रीकराचा दरही मर्यादित ठेवण्यात आला.

'उडान'चा टेकू

२०१६ मध्ये केंद्र सरकारने 'उडान' ही प्रादेशिक विमानसेवा योजना जाहीर केली. सुमारे एक तासाच्या प्रवासासाठी २,५०० रुपये ही तेव्हाची भाडेमर्यादा होती. विमानातील साधारण निम्म्या आसनांना ती लागू असे. खर्च आणि उत्पन्न यांतील तफावत कंपनीला अनुदानरूपाने मिळते. हा निधी मुख्यतः मोठ्या मार्गांवरील विमानांवर बसविलेल्या आकारातून उभा राहतो आणि राज्य सरकारांनाही आपला वाटा उचलावा लागतो. बहुतेक राज्यांसाठी तो २० टक्के, तर ईशान्येकडील राज्यांसाठी १० टक्के आहे. म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवास करणारा प्रवासी अप्रत्यक्षपणे जळगाव किंवा पासीघाटच्या प्रवाशाचे भाडे उचलत असतो. हे अनुदान आणि मार्गावरील एकाधिकार तीन वर्षांपुरता मिळतो.

या योजनेतील पहिले विमान अलायन्स एअरचेच होते. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत सिमला-दिल्ली सेवेचा प्रारंभ झाला. मे २०१८ मध्ये कंपनीचे एटीआर अरुणाचल प्रदेशातील पासीघाट येथे उतरले. एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगढ-पासीघाट मार्गावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सने देशात बनविलेले १७ आसनी डॉर्नियर २२८ विमान धावू लागले. भारतीय बनावटीचे हे विमान अलायन्स एअरने नागरी सेवेत आणले. वायुदूतच्या ताफ्यातील डॉर्नियरचे नाव अशा रीतीने पुन्हा ईशान्येच्या आकाशात ऐकू आले.

परदेशी मार्गही कंपनीने हाताळला. नोव्हेंबर २०१९ मध्ये चेन्नई-जाफना सेवा सुरू झाली. श्रीलंकेतील यादवी युद्धामुळे दीर्घकाळ तुटलेला हा हवाई दुवा त्यामुळे पुन्हा जोडला गेला. कोरोनाच्या साथीत खंडित झालेली ही सेवा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅप्टन हरप्रीत ए. डी. सिंग यांची कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदी नियुक्ती झाली. भारतीय विमान कंपनीच्या या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला होत.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्राच्या दृष्टीने अलायन्स एअरचे महत्त्व विशेष आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापूरला हैदराबाद व बंगळूरशी जोडणारी सेवा सुरू झाली, तर २०१९ मध्ये नाशिकच्या ओझर विमानतळावरून हैदराबादसाठी उड्डाणे होऊ लागली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा तेथे उतरलेले पहिले नियमित प्रवासी विमान अलायन्स एअरचेच होते. मुंबईहून तळकोकणात जाण्यासाठी रेल्वेने रात्र घालविणाऱ्या चाकरमान्यांना तासाभराच्या प्रवासाचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच होते. गणेशोत्सवाच्या दिवसांत या सेवेला मोठी मागणी असे.

तथापि २०२४ मध्ये 'उडान'ची तीन वर्षांची मुदत संपली आणि ही मुंबई-सिंधुदुर्ग सेवा थांबली. अनुदान आहे तोवर विमान, अनुदान संपले की धावपट्टी रिकामी, ही या योजनेवरील प्रमुख टीका असून चिपीच्या उदाहरणाने तिला पुष्टीच मिळाली. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेला विमानतळ उभा राहतो, पण त्याच्या नावावर असलेल्या एकमेव महत्त्वाच्या मार्गाचे भवितव्य एका छोट्या कंपनीच्या ताफ्यावर अवलंबून असते.

दुसरीकडे नवे मार्गही जोडले गेले. जून २०२४ मध्ये जळगाव-मुंबई सेवा सुरू झाली. १६ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत अमरावती विमानतळाचे उद्घाटन झाले आणि अलायन्स एअरच्या एटीआरने मुंबई-अमरावती मार्गावर पहिले व्यापारी उड्डाण केले. पश्चिम विदर्भातील प्रवाशांना त्याआधी विमानासाठी नागपूर गाठावे लागत होते.

या सर्व मार्गांवर प्रवाशांची तक्रार मुख्यतः एकच असते, ती म्हणजे अनिश्चिततेची. मोठ्या कंपनीचे एक विमान बिघडले तर दुसरे उपलब्ध होते. वीसेक विमानांच्या ताफ्यात एक-दोन विमाने जरी देखभालीसाठी थांबली तरी दूरच्या एखाद्या शहराची फेरी रद्द होते. मुंबई विमानतळावर सोयीच्या वेळा मिळणे हाही मोठाच अडसर आहे. सकाळी मुंबईत येऊन काम आटोपून संध्याकाळी परतता आले नाही, तर व्यापारी आणि नोकरदार प्रवासी विमानाऐवजी रात्रीच्या रेल्वेचाच विचार करतो.

छत्र हरपल्यानंतर

एअर इंडियाच्या निर्गुंतवणुकीची तयारी करताना सरकारने 'एआय अ‍ॅसेट्स होल्डिंग लिमिटेड' ही वेगळी कंपनी स्थापन केली होती. एअर इंडियाचे काही कर्ज, स्थावर मालमत्ता आणि विक्रीतून वगळलेल्या उपकंपन्या तिच्याकडे वर्ग करण्यात आल्या. १८,००० कोटी रुपयांच्या व्यवहारात २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस टाटा समूहाकडे गेल्या. अलायन्स एअर या व्यवहारात नव्हती. १५ एप्रिल २०२२ पासून ती एअर इंडियापासून पूर्णतः अलग झाली आणि स्वतःच्या '९आय' या सांकेतिक क्रमांकाने उड्डाणे करू लागली.

कागदावर हे स्वातंत्र्य असले तरी व्यवहारात त्याची किंमत मोठी होती. तोवर तिकीटविक्री एअर इंडियाच्या यंत्रणेतून होत असे, विमानांवर 'एआय' हाच क्रमांक असे आणि छोट्या शहरातील प्रवासी एकाच तिकिटावर दिल्लीमार्गे परदेशी जाऊ शके. प्रादेशिक उपकंपनीचे खरे भांडवल हेच असते. लहान मार्गावरील तोटा मूळ कंपनीच्या लांब पल्ल्याच्या तिकिटातून अंशतः भरून निघतो. मूळ कंपनी गेल्यावर तोटा उरला, तो भरून काढणारा प्रवास मात्र दुसऱ्याकडे गेला. शिवाय आरक्षण, देखभाल, विक्री या सगळ्यांची व्यवस्था नव्याने उभारावी लागली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कंपनीला ३०० कोटी रुपयांचे भांडवल देण्याचा निर्णय घेतला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अलायन्स एअरने 'फेअर से फुरसत' या नावाने निवडक मार्गांवर स्थिर भाड्याची योजना प्रायोगिक तत्त्वावर आणली. तिकीट केव्हाही काढले तरी भाडे तेवढेच राहील, अशी ही कल्पना. मागणी वाढताच भाडे चढविण्याच्या सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीच्या ती नेमकी उलट आहे. प्रवाशांना ती रुचणार हे उघड आहे. परंतु सणासुदीच्या चढ्या भाड्यातून मिळणाऱ्या उत्पन्नावर पाणी सोडणे तोट्यातील कंपनीला कितपत परवडेल, हा प्रश्न उरतोच.

विक्री की सेवा?

अलायन्स एअरपुढे स्थूलमानाने दोन मार्ग दिसतात. पहिला खासगीकरणाचा. तसे झाल्यास नवा मालक फायद्याचे मार्ग ठेवील आणि उरलेले सोडील, अशी सार्थ भीती ईशान्येकडील राज्यांना व लक्षद्वीपसारख्या बेटांना वाटते. दुसरा मार्ग, ही कंपनी एसटीप्रमाणे सार्वजनिक सेवा आहे हे उघडपणे मान्य करण्याचा. तसे केल्यास कोणत्या मार्गावर किती तोटा सोसायचा, तो केंद्राने आणि राज्यांनी कसा वाटून घ्यायचा आणि त्या बदल्यात वक्तशीरपणाची हमी कोण देणार, हे लेखी ठरवावे लागेल. सध्याची स्थिती मधली आहे. अपेक्षा सार्वजनिक सेवेची आणि हिशेब व्यापारी कंपनीचा, अशा ओढाताणीत वायुदूत संपली होती.

दृष्टिक्षेपात

१९८१ : वायुदूतची स्थापना, १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन.
१९८३ : एअरलाइन अलाइड सर्व्हिसेस लिमिटेडची स्थापना.
१९९६ : 'अलायन्स एअर' या नावाने सेवा सुरू, ताफ्यात बोइंग ७३७-२००.
२००० : पाटणा येथील अपघातात विमानातील ५५ व जमिनीवरील ५ जणांचा मृत्यू.
२००२ नंतर : एटीआर-४२ विमानांद्वारे ईशान्य भारतात सेवा.
२००७ : एअर इंडिया-इंडियन एअरलाइन्स विलीनीकरण.
२०१७ : 'उडान' योजनेतील पहिले उड्डाण, सिमला-दिल्ली.
२०२१ : मुंबई-सिंधुदुर्ग सेवेचा प्रारंभ, २०२४ मध्ये सेवा बंद.
२०२२ : एअर इंडियापासून अलग, भारतीय बनावटीचे डॉर्नियर २२८ सेवेत.
२०२५ : मुंबई-अमरावती सेवेचा प्रारंभ.